18 जानेवारीचा निरोप : प्यूजो, ल माँ आणि दोन मोसमांमधले चार महिने

फ्लोरिडातलं सेब्रिंग सर्किट म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला लष्करी विमानतळ. जुन्या धावपट्टीचं काँक्रीट आजही ट्रॅकचा भाग आहे. त्याच्या सांध्यांवरून गाडी गेली की चाकापासून चालकाच्या मणक्यापर्यंत सगळं खडखडतं. इथे बारा तास टिकलेली गाडी फ्रान्समधल्या ल माँच्या शर्यतीचे चोवीस तास काढते, असं या क्षेत्रातली माणसं मानतात. म्हणून वर्ष उजाडलं की मोठे संघ नवी गाडी घेऊन सेब्रिंग गाठतात आणि तिची हाडं तपासून घेतात.

2012 च्या जानेवारीत प्यूजो या फ्रेंच मोटार कंपनीच्या रेसिंग संघाची माणसं तिथे चाचणीसाठी पोचली होती. दोन महिन्यांनी, 17 मार्चला, याच ट्रॅकवर जागतिक एन्ड्युरन्स (तासन्‌तास चालणाऱ्या शर्यतींच्या) अजिंक्यपद स्पर्धेची, म्हणजे डब्ल्यूईसीची, पहिलीवहिली शर्यत होणार होती. बुधवारी, 18 जानेवारीला, फ्रान्सहून निरोप आला : एन्ड्युरन्स रेसिंगचा कार्यक्रम बंद, आणि तोही आजपासून. मराठीत निरोप येतो आणि निरोप घेतलाही जातो. त्या दिवशी सेब्रिंगला दोन्ही एकदमच झालं.

या एका निर्णयाचा अभ्यास मी पुन्हा पुन्हा करत आलो आहे, कारण एन्ड्युरन्स रेसिंगचं अर्थकारण इथे उघडं पडतं. ल माँच्या चोवीस तासांत काय घडलं ते सगळे बघतात. पण कोण उतरणार, कोणत्या गाडीत आणि कुणाच्या पैशावर, हे ठरतं नोव्हेंबर ते मार्च या चार महिन्यांत, जेव्हा ट्रॅकवर बघण्यासारखं काहीच नसतं.

हरलेला संघ नव्हता हा

पहिला गैरसमज दूर करायचा तो हा, की प्यूजो हरून गेली. 2009 मध्ये तिने ल माँ जिंकलं होतं. 2010 मध्ये तिच्या चारही गाड्या बंद पडल्या आणि ऑडीने पहिले तीन क्रमांक नेले. तो घाव खोल होता. पण 2011 मध्ये काय झालं ते बघा.

11 आणि 12 जून 2011. ऑडीच्या तीन आर18 गाड्यांपैकी पहिली पहिल्याच तासात आपटली, दुसरी रात्री. दोन्ही अपघात असे होते, की चालक बाहेर आल्याचं दिसेपर्यंत जीव टांगणीला लागला होता. उरली एकच ऑडी, आणि तिच्यामागे प्यूजोचा अख्खा ताफा. त्या वर्षी फ्रान्समध्ये दुपारी तीनला सुटलेली ही शर्यत आपल्याकडे रविवारी संध्याकाळी साडेसहाला संपणार होती. त्या रविवारी शेवटचा तास मी बसून बघूच शकलो नाही, उभाच होतो. पुढे आन्द्रे लॉटररची ऑडी, मागे सिमॉन पाजनोची प्यूजो. चोवीस तास आणि 355 फेऱ्यांनंतर दोघांत अंतर राहिलं ते 13.854 सेकंदांचं. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या क्रमांकावर प्यूजोच होत्या. पाचवी ओरेका या फ्रेंच खासगी संघाने चालवलेली, आदल्या पिढीतली गाडी.

त्यानंतर इमोला, सिल्व्हरस्टोन, अमेरिकेतली पेती ल माँ आणि नोव्हेंबरात चीनमधलं झुहाई, या चारही शर्यती प्यूजोने जिंकल्या. आंतरखंडीय ल माँ चषक सलग दुसऱ्या वर्षी तिच्याकडे गेला. म्हणजे 13 नोव्हेंबरला झुहाईहून परतलेला संघ घसरणीला लागलेला नव्हता, ऐन भरात होता. पुढच्या मोसमासाठी 908 या तिच्या शर्यतीच्या गाडीचं डिझेल-हायब्रिड रूप तयार होत होतं. ते 2011 च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या मोटार शोमध्ये दाखवूनही झालं होतं.

तिजोरीची बाजू

कंपनीने त्या दिवशी दिलेलं कारण सरळ होतं. युरोपातली आर्थिक स्थिती कठीण आहे, 2012 मध्ये 208, 4008 आणि 508 व 3008 च्या हायब्रिड अशा बऱ्याच नव्या गाड्या बाजारात आणायच्या आहेत, तेव्हा सगळी ताकद विक्रीवर लावायची आहे. अशा निवेदनांवर माझा सहसा चटकन विश्वास बसत नाही. या बाबतीत मात्र पुढच्या घटनांनी त्यातला शब्द न् शब्द खरा करून दाखवला.

प्यूजोची मालक असलेल्या पीएसए समूहाने 2011 च्या अखेरीसच युरोपातल्या 6,000 जागा कमी करायचं ठरवलं होतं. 29 फेब्रुवारी 2012 ला, म्हणजे रेसिंग सोडून सहा आठवडेच झाले होते तेव्हा, जनरल मोटर्सशी हातमिळवणी जाहीर झाली. तिच्यात अमेरिकन कंपनीला सात टक्के हिस्सा मिळणार होता. जुलैत पॅरिसजवळचा ओलने इथला कारखाना बंद करण्याचा निर्णय आला आणि कपातीचा आकडा आणखी 8,000 नोकऱ्यांनी वाढला. 2012 सालचा निव्वळ तोटा निघाला सुमारे 5 अब्ज युरो. ज्या घरात हजारो कामगारांच्या चुली विझणार आहेत, त्या घराने शर्यतीच्या गाड्या जहाजात घालून अटलांटिकपार पाठवाव्यात, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? कामगार संघटनांसमोर बसणाऱ्या माणसाला हा प्रश्न टाळता आला नसता, आणि तो टाळायला नकोच होता.

याच हिशेबात भारतही होता. सप्टेंबर 2011 मध्ये पीएसएने गुजरातेत साणंदला मोटारींचा कारखाना उभारायचं जाहीर केलं होतं. रोकड आटली तशी ती योजनाही गुंडाळली गेली. आमच्या ठाणे जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना प्यूजो हे नाव त्याआधीपासून माहीत आहे. नव्वदच्या दशकात प्रीमिअरबरोबरच्या भागीदारीतून कल्याण-डोंबिवली पट्ट्यात प्यूजो 309 तयार होत असे आणि ती भागीदारीही काही वर्षांतच संपली. युरोपातल्या कंपनीने हात आखडता घेतला की त्याचे चटके कुठकुठे बसतात, हे आपल्याला शिकवायला नको.

एक गोष्ट मात्र मला आजही सलते. रेसिंगसाठी बांधलेल्या हायब्रिडचं नाव होतं 908 हायब्रिड4, आणि शोरूममध्ये विकायच्या गाडीचं 3008 हायब्रिड4. नाव एकच ठेवलं होतं ते याचसाठी, की ट्रॅकवरच्या गाडीने दुकानातली गाडी खपवावी. डिझेल आणि वीज एकत्र जोडणारी गाडी त्या वेळी ग्राहकाला समजावून सांगणं सोपं नव्हतं. ल माँच्या चोवीस तासांइतका मोठा जाहिरातीचा फलक तिला दुसरा मिळणार नव्हता. विक्री वाढवायची म्हणून कंपनीने नेमका तोच फलक उतरवला. ती इतकी अडचणीत होती, की दोन वर्षांनी मिळणाऱ्या फायद्यासाठी आजचे पैसे तिला काढता येत नव्हते. हे मला कळतं, पण पटायला जड जातं.

तारखेचा प्रश्न

जाण्याचा हक्क कंपनीचाच होता, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझा आक्षेप तारखेला आहे.

मोसम संपला की संघाच्या कामाला खरा वेग येतो. नोव्हेंबर-डिसेंबरात चालकांचे करार होतात. कार्बनचा सांगाडा, गिअरबॉक्स, ब्रेक यांच्या मागण्या काही महिने आधी नोंदवाव्या लागतात. टायर कंपनीला आकडा द्यावा लागतो. खासगी संघ आपल्या पुरस्कर्त्याला सांगतात, की अमुक इतके कारखान्याचे संघ मैदानात आहेत, तेव्हा दूरचित्रवाणीवर इतका वेळ मिळेल. पुरस्कर्ता त्यावर सही करतो. मेकॅनिक घरभाडं, मुलांच्या शाळा बघून पुढच्या वर्षाचा शब्द देतो. डिसेंबर संपेपर्यंत बहुतेक खुर्च्या भरलेल्या असतात. अशा वेळी 18 जानेवारीला मोकळा झालेला माणूस मोकळा नसतो, तो अडकलेला असतो. हाच निर्णय ऑक्टोबरात आला असता, तर त्याच माणसांसाठी चार दारं उघडी असती.

प्यूजोचे चालक कुठे कुठे गेले ते बघितलं की हे लक्षात येतं. अलेक्झांडर वुर्झ आधीच टोयोटाकडे गेला होता. अँथनी डेव्हिडसनही तिथेच पोचला, आणि एका जपानी चालकाच्या पाठदुखीमुळे जागा रिकामी झाली तेव्हा स्तेफान साराझाँलाही तीच गाडी मिळाली. मार्क जेने चक्क ऑडीत बसला आणि मे महिन्यात बेल्जियममधली स्पाची शर्यत जिंकून मोकळा झाला. सेबास्तियाँ बोर्दे आणि निकोला मिनासियाँ हे दोघे ल माँला आले ते एका खासगी संघाच्या डोम गाडीत. पेद्रो लामी कॉर्व्हेटमध्ये गेला आणि त्याने जीटीईच्या, म्हणजे रस्त्यावरच्या गाड्यांवर बेतलेल्या शर्यतीच्या गाड्यांच्या, हौशी गटात ल माँ जिंकलं. ही सगळी नावाजलेली माणसं, त्यांना कुठे ना कुठे बसायला मिळालं. व्हेलिझीच्या प्यूजो स्पोर्टच्या कार्यशाळेत गाडीच्या नटबोल्टशी नातं असलेल्या माणसांची अशी यादी कुणी छापली नाही.

संयोजकांची अवस्था तर अधिकच अवघड. ल माँची शर्यत भरवणारा एसीओ हा क्लब आणि एफआयए ही मोटार शर्यतींची जागतिक संघटना या दोघांनी मिळून डब्ल्यूईसीचा मांडव घातला होता, तो ऑडी विरुद्ध प्यूजो ही झुंज डोळ्यांसमोर ठेवून. त्या मांडवाची ऐन मुहूर्तावरच एक बाजू रिकामी झाली. पोर्शेने 2011 च्या जूनमध्ये परत यायचा शब्द दिला होता, पण 2014 साठी. मधली दोन वर्षं काढायची कशी?

आणि इथे इतिहास आडवा येत होता. याआधीची जागतिक स्पोर्ट्सकार स्पर्धा अशाच दोन मोसमांच्या मधल्या काळात मेली होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला फॉर्म्युला वनच्या धर्तीवरची 3.5 लिटरची इंजिनं आणली गेली. खर्च आभाळाला भिडला आणि जुन्या पोर्शे 962 वर जगणारे खासगी संघ गळून पडले. 1991 नंतर जॅग्वार आणि मर्सिडीज गेल्या. 1992 मध्ये झुंजायला मुख्यतः प्यूजो आणि टोयोटा उरल्या, ट्रॅक ओस पडले, आणि 1993 ची स्पर्धा पुरेशा गाड्याच नाहीत म्हणून रद्द झाली. त्या काळी प्यूजोच्या संघाचे प्रमुख होते जाँ टॉड. 2012 मध्ये एफआयएचे अध्यक्षही जाँ टॉडच. वीस वर्षांपूर्वी जी स्पर्धा आपल्या डोळ्यांदेखत बुडाली, तिचंच नवं रूप त्यांना आता त्याच कंपनीने मोडलेल्या पायावर उभं करायचं होतं.

उरलेल्यांनी काय केलं

एसीओ आणि एफआयएने लगेच सांगितलं, की स्पर्धा ठरल्याप्रमाणे होईल. हा शब्द पाळता आला तो दोन गोष्टींमुळे.

पहिली म्हणजे टोयोटा. तिने ऑक्टोबर 2011 मध्ये हायब्रिड गाडीसह परतायचं जाहीर केलं होतं, पण ल माँ आणि जोडीला मोजक्याच शर्यती, एवढ्याच बोलीवर. संघ होता जर्मनीतल्या कोलोनचा, 2009 च्या अखेरीस टोयोटाने फॉर्म्युला वन सोडल्यावर हाताशी उरलेला. म्हणजे ऐन वेळी बंद पडणं काय असतं ते या माणसांनी स्वतः भोगलेलं होतं. मदतीला आली ओरेका, आदल्या वर्षीपर्यंत प्यूजो चालवणारी. एप्रिलमध्ये चाचणीत गाडी आपटली आणि स्पाची शर्यत हुकली, म्हणून टीएस030 या टोयोटाच्या नव्या गाडीने पदार्पण केलं ते थेट ल माँला. पाचव्या तासाच्या सुमारास मल्सान वळणाच्या अलीकडे डेव्हिडसनची गाडी एका फेरारीला लागून हवेत उडाली आणि कठड्यावर आदळली. त्याचे दोन मणके मोडले. दुसरी टोयोटा तोवर ऑडीशी आघाडीसाठी झुंजत होती, पण तीही रात्री बंद पडली.

इतकं होऊनही टोयोटाने अंग काढून घेतलं नाही. उरलेल्या पाचही शर्यतींत एक गाडी उतरवली. सिल्व्हरस्टोनला दुसरा क्रमांक, आणि 15 सप्टेंबरला साओ पावलोमध्ये वुर्झ आणि निकोला लापिएर यांनी जिंकून दिलं. पदार्पण धरून ती तिसरीच शर्यत! पुढे फुजी आणि शांघायही टोयोटाचेच. विजेतेपद ऑडीला गेलं, ल माँही ऑडीनेच घेतलं, आणि हायब्रिड गाडीने ल माँ जिंकण्याची ती पहिली वेळ ठरली. पण मोसम संपताना लोक बोलत होते ते पुढच्या वर्षी टोयोटा काय करील याबद्दल. जानेवारीत जी स्पर्धा लंगडी वाटत होती, तिच्याकडे ऑक्टोबरात लोक डोळे लावून बसले होते.

दुसरी गोष्ट म्हणजे खासगी संघ, ज्यांची आठवण मथळ्यांत कुणी काढत नाही. 1992 आणि 2012 मधला खरा फरक मला इथे दिसतो. या वेळच्या नियमांत दुसऱ्याकडून गाडी विकत घेऊन उतरणाऱ्या संघांना जागा होती आणि त्यांच्यासाठी वेगळा चषकही होता. मार्चमध्ये सेब्रिंगला अमेरिकन मालिकेतल्या गाड्यांसह साठावर गाड्या सुटल्या. प्यूजो नाही म्हणून ट्रॅक रिकामा दिसला नाही. ल माँला ऑडीच्या तीन गाड्यांमागे चौथा आला रिबेलियन हा स्विस खासगी संघ, पाचवी पुन्हा ऑडी, आणि सहावा जेआरएम. या जेआरएमच्या गाडीत होता चेन्नईचा करुण चंधोक, ल माँच्या चोवीस तासांत धावलेला पहिला भारतीय. त्याचा एक जोडीदार डेव्हिड ब्रॅबम, ज्याने 2009 मध्ये प्यूजोला ल माँ जिंकून दिलं होतं. ज्या वर्षी कारखाना गेला, त्याच वर्षी कारखान्याचा जुना विजेता आणि आपला चंधोक एका खासगी संघाच्या गाडीत बसून सहावे आले. या प्रकरणात मला सर्वांत जवळचं वाटतं ते हे दृश्य.

प्यूजो स्पोर्टही पूर्ण विझली नाही. 30 जून 2013 ला अमेरिकेतल्या पाइक्स पीक या डोंगरी चढाईच्या शर्यतीत सेबास्तियाँ लोएबने 208 टी16 मधून 8 मिनिटं 13.878 सेकंदांत शिखर गाठलं. त्या गाडीच्या मागे बसवलेला भला मोठा पंख 908 चा होता.

मग कसं जायला हवं होतं?

कंपनीची बाजू घेणारा म्हणेल, की वर्षाचा हिशेब जानेवारीतच हाती येतो, तोटा काही शर्यतीचं वेळापत्रक बघून होत नाही. म्हणणं खोटं नाही. पण 6,000 जागा कमी करायचं 2011 मध्येच ठरलं होतं. वारा कुठल्या दिशेने वाहतोय हे झुहाईची शर्यत सुटण्याआधी वरच्या मजल्यावर दिसत होतं. दिसूनही चाचणीचा ट्रॅक घेतला गेला आणि माणसं समुद्रापार पाठवली गेली. रेसिंग विभागाला शेवटपर्यंत आशेवर ठेवणं ही या प्रकरणातली खरी चूक होय.

तुलनेला दोन उदाहरणं आहेत. ऑडीने 26 ऑक्टोबर 2016 ला जाहीर केलं, की मोसमाअखेर आम्ही थांबतो. डिझेल गाड्यांच्या धुराच्या चाचण्यांत केलेल्या फसवणुकीचं ओझं मानेवर होतं, पण दोन शर्यती बाकी होत्या, चालकांना शोधाशोध करायला हिवाळा होता, आणि संघाने बहरीनची अखेरची शर्यत जिंकून निरोप घेतला. पोर्शेने तर 28 जुलै 2017 लाच सांगून टाकलं. संयोजकांना महिने मिळाले. त्यांनी वेळापत्रक मोडून 2018-19 ची लांबलचक स्पर्धा आखली, तीत ल माँ दोनदा घेतलं, आणि एकट्या उरलेल्या टोयोटासमोर खासगी संघांना उभं केलं. ती स्पर्धा फार चुरशीची झाली नाही. टोयोटासमोर टिकणारं कुणी नव्हतं. पण 1993 सारखी ती रद्द झाली नाही, आणि सर्वांत वरच्या गटाच्या गाड्यांसाठीच्या नव्या, हायपरकार नावाच्या नियमांपर्यंत तिने तग धरला.

त्याच नियमांनी प्यूजोला परत आणलं. 2019 मध्ये घोषणा झाली, आणि 10 जुलै 2022 ला इटलीतल्या मोन्झाला, मागचा पंखच नसलेली तिची 9एक्स8 ही गाडी डब्ल्यूईसीच्या शर्यतीत पहिल्यांदा सुटली. साडेदहा वर्षांपूर्वी प्यूजोच्या जाण्याने ज्या स्पर्धेचा श्वास अडकला होता, ती आता भरलेली होती. त्या दिवशी शर्यत अल्पीनने जिंकली. सुरुवातीच्या रांगेत सगळ्यात पुढे उभी होती ग्लिकनहाउस, एका अमेरिकन खासगी संघाची गाडी.